वेशीपर्यंत चाकं, वेशीआत पाय

स्पेनमधल्या सेव्हिल शहराच्या कॅथीड्रलला खेटून उभा असलेला हिराल्दा मनोरा चढताना पायऱ्या लागतात त्या अगदी शेवटी, मोजक्याच. बाकी सगळी वाट ३५ चढणींची. बाराव्या शतकात हा मनोरा मशिदीचा मिनार म्हणून उभा राहिला, तेव्हा बांग देणाऱ्याला घोड्यावर बसून वर जाता यावं म्हणून पायऱ्यांऐवजी चढणी ठेवल्या, असं तिथं सांगतात. तेव्हा ‘ऐतिहासिक परिसरात वाहन म्हणजे विटाळ’ हा सोवळेपणा निदान या शहरात तरी टिकणारा नाही. विजेच्या छोट्या वाहनांतून होणाऱ्या शहरदर्शनावरचा या लेखातला आक्षेप त्या सोवळेपणातून आलेला नाही.

आक्षेप जागेचा आहे. स्पेनच्या जुन्या शहरांत गेली काही वर्षं छोट्या विजेच्या वाहनांतून शहरदर्शन घडवण्याचा धंदा जोरात चालतो. दोन चाकांवर तोल सांभाळणारी सेगवे, उभ्याने चालवायची ई-स्कूटर, तीनचाकी टुकटुक, मागेपुढे दोघांनी बसायची चिमुकली मोटार असे त्याचे प्रकार. सगळ्यांची जाहिरात सारखीच असते: धूर नाही, आवाज नाही, तीन तासांत शहर बघून मोकळे. नगरपालिका आधी या धंद्याकडे काणाडोळा करतात, मग तक्रारी साचतात आणि एक दिवस एकदम कुऱ्हाड चालवली जाते. माद्रिदने २०२४ मध्ये भाड्याच्या ई-स्कूटर पुरवणाऱ्या कंपन्यांचे परवाने काढून घेतले. बार्सेलोनात नोव्हेंबर २०२२ मध्ये रेल्वेच्या डब्यात एका स्कूटरच्या बॅटरीने पेट घेतला आणि फेब्रुवारी २०२३ पासून सार्वजनिक वाहनांत ई-स्कूटर चढवायलाच मनाई झाली. दोन्ही निर्णयांमागे कारणं होती. पण या वाहनांनी नेमकं कुठवर यावं, हा प्रश्न त्यातून सुटला नाही.

माझं उत्तर असं, की वेशीपर्यंत जरूर यावं, वेशीच्या आत येऊ नये. अपवाद एकच, ज्याला चालता येत नाही त्याचा. हे उत्तर सेव्हिलच्या संदर्भात तपासून पाहण्यासारखं आहे, कारण हे शहर सपाट आहे, तिथं सायकलमार्गांचं मोठं जाळं आहे आणि जुनं गावठाणही मोठं आहे. म्हणजे विजेच्या छोट्या वाहनासाठी याहून सोयीचं शहर शोधून सापडायचं नाही. तिथंही वेशीआत ती नकोत हे पटलं, तर टोलेडो किंवा ग्रानादासारख्या चढाच्या शहरांबद्दल वेगळं सांगायला नको.

आधी धुराचा मुद्दा, कारण सगळे त्याच्यावरच अडतात. वाहन इलेक्ट्रिक आहे हे काही चारित्र्याचं प्रमाणपत्र नव्हे. ते कशाच्या जागी आलं, हे आधी विचारावं. डिझेल बसच्या जागी आलं तर हवा वाचली. टॅक्सीच्या जागी आलं तरी वाचली. पण हिराल्दापासून सांता क्रूझ या जुन्या वस्तीतला चौक जेमतेम पाच-सहा मिनिटांच्या चालीवर आहे. तिथं सेगवेवर उभा राहिलेला पाहुणा एरवी पायीच गेला असता. पायी जाणाऱ्याला वाहनावर चढवून वाचलेला धूर शून्य, वर वीज खर्च झाली ती वेगळीच. जुन्या गल्लीत हवेपेक्षा तुटवडा असतो तो रुंदीचा. बॅटरी लावली म्हणून वाहनाची रुंदी कमी होत नाही.

ही रुंदी मोजून दाखवता येते. माणूस चालताना साधारण पाऊण मीटर रुंदी घेतो आणि एका पावलात थांबतो. ताशी १० किलोमीटरने जाणारं वाहन सेकंदाला २.८ मीटर पुढे सरकतं. चालवणाऱ्याच्या लक्षात येऊन हात हलेपर्यंत एक सेकंद धरला, तर थांबायला चार मीटर लागतात. ताशी २५ ला हाच आकडा १४ मीटरच्या आसपास जातो. सांता क्रूझमधल्या कित्येक गल्ल्या दोन मीटरही रुंद नाहीत आणि तिथलं प्रत्येक वळण आंधळं आहे. ज्या गल्लीत समोरचा चार मीटरवर दिसतो, तिथं चार मीटरमध्ये थांबणारं वाहन चालवणं म्हणजे रोज नशिबावर हवाला ठेवणं. इमारतींनी सावली द्यावी, ऊन जमिनीपर्यंत पोचू नये म्हणून या गल्ल्या मुद्दाम अरुंद आणि वाकड्या राखल्या आहेत. त्यांची गैरसोय हाच त्यांचा गुण आहे. जुलै-ऑगस्टात पारा चाळिशीपार गेला की ते अंगाला कळतं.

कायदाही बहुतांशी याच बाजूचा आहे, फक्त तो वाचत कोणी नाही. स्पेनमध्ये ९७०/२०२० क्रमांकाचा शाही आदेश २ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्याने ‘वैयक्तिक वाहतूक वाहन’, म्हणजे तिथल्या बोलीत व्हीएमपी, याची व्याख्या केली. एकच माणूस, विजेचं इंजिन, आणि वाहनाचा वेगच मुळात ताशी ६ ते २५ किलोमीटरच्या मध्ये बांधलेला. अशा वाहनाने फूटपाथवर चढायचं नाही. चढलं तर दंड २०० युरो. दोघं बसले तर १०० युरो. बैठक लावायची मुभा फक्त स्वतःचा तोल स्वतः सांभाळणाऱ्या यंत्राला. म्हणजे साध्या ई-स्कूटरला सीट बसवली की ती या व्याख्येतून बाहेर पडते आणि मोपेडच्या वर्गात जाते. मग नंबरप्लेट, हेल्मेट, लायसन्स सगळं आलं. भाड्याच्या दुकानात ‘लायसन्स लागत नाही’ असं सांगून सीटवाली गाडी हाती दिली जात असेल, तर तिच्या मागे नंबरप्लेट आहे का ते बघावं. प्लेट असेल तर लायसन्सही लागतं. प्लेट नसेल तर ती गाडी रस्त्यावर असायलाच नको. आपल्याकडच्या प्रवासविम्यातही मोटारचलित दुचाकीचा अपघात पुष्कळदा वगळलेला असतो. ती ओळ निघण्याआधी वाचलेली बरी.

मे २०२१ पासून स्पेनच्या शहरांत आणखी एक नियम आहे. ज्या रस्त्यावर फूटपाथ आणि गाडीरस्ता एकाच पातळीवर आहे, तिथं वेगमर्यादा ताशी २०, आणि दोन्ही दिशांना एकेकच पट्टा असलेल्या रस्त्यावर ताशी ३०. जुन्या शहरातले बहुतेक उघडे रस्ते पहिल्या प्रकारात मोडतात. नियम चांगला आहे, पण २० ची मर्यादा मोटारीला डोळ्यांपुढे ठेवून घातलेली आहे. मोटारचालक २० वर आला की तो सावध झालेला असतो. सेगवेवरचा नवखा पाहुणा २० वर पोचला की यंत्र त्याच्या हाताबाहेर गेलेलं असतं.

याला कारण यंत्राची जात. सेगवे २००१ च्या डिसेंबरात बाजारात जाहीर झाली आणि तिचं मूळ दुचाकी मॉडेल २०२० मध्ये बंद झालं. तरी शहरदर्शनाच्या फेऱ्यांत ती अजून दिसते. वजन ४७-४८ किलो, रुंदी ६३ सेंटिमीटर, कमाल वेग ताशी २०. चालवणाऱ्याचं वजन ४५ ते ११८ किलोंच्या मध्ये असावं लागतं. किरकोळ अंगाच्या मुलाला यात घेऊ नये, कारण पुढे झुकूनही त्याचा भार यंत्राला जाणवत नाही आणि गाडी थांबवायला मागे झुकलं तरी तेच होतं. पुढे झुकलं की चाकं माणसाच्या खाली धावत येतात, म्हणून तोल राहतो. सगळा तोल चाकाच्या पकडीवर अवलंबून. चाक घसरलं की तोल सांभाळायला यंत्राकडे काहीच उरत नाही. वेगमर्यादा गाठली की पायाखालचा फलाट स्वतःहून मागे कलतो आणि माणसाला मागे ढकलतो. ‘आता बस’ असं सांगायची त्याची ती रीत. नवखा माणूस हे ढकलणं बिघाड समजून आणखी जोरात पुढे झुकतो. मोटरकडे जास्तीचा जोर उरलेला नसतो, आणि माणूस तोंडावर आपटतो. हे टाळायचं तर किल्लीवर ‘नवशिका’ची निवड लॉक करून द्यावी, म्हणजे वेग ताशी १० वर थांबतो. बऱ्याच फेऱ्यांत पहिली दहा मिनिटं ती असते आणि मग ‘आता तुम्हाला जमलं’ म्हणून काढून टाकतात. तिथंच चूक होते.

उतरताना होणारे अपघात याहून जास्त फसवे. एक पाय खाली टेकला आणि दुसरा फलाटावरच राहिला, तर यंत्राला वाटतं माणूस अजून वर आहे. ते सरकतं, त्याचं हँडल माणूस घाबरून ओढतो, आणि चाक त्याच्याच पावलावरून जातं. उतरायची पद्धत ठरलेली आहे: पूर्ण थांबा, हँडल सरळ धरा, एक पाय मागे, लगेच दुसरा मागे, आणि दुसरा टेकेपर्यंत हँडल सोडू नका. टायरमधली हवा दोन्हीकडे सारखी हवी, साधारण १५ पीएसआय. एका बाजूला कमी असली की गाडी सतत तिकडे ओढते आणि अनोळखी माणूस ती ओढ आपल्या चुकीच्या झुकण्यावर ढकलतो. हे सगळं शिकवायला वीस मिनिटं लागतात. दोन तासांच्या फेरीतली वीस मिनिटं रिकाम्या, सपाट, गर्दी नसलेल्या जागी घालवायची, तर ती जागा कॅथीड्रलच्या दारात असू शकत नाही. नदीकाठी असू शकते. ठेल्यांवरून सरळ प्लाझात नवशिके सोडणाऱ्यांचं समर्थन कुठल्याच हिशेबाने होत नाही.

ई-स्कूटरची अडचण वेगळी. तिची चाकं लहान. स्पेनच्या तांत्रिक नियमावलीनुसार प्रमाणित गाडीला किमान २०३ मिलिमीटर, म्हणजे आठ इंच व्यासाचं चाक हवं. एवढं चाक डांबरावर उत्तम. जुन्या शहरात मात्र ग्रॅनाइटचे घडीव दगड बसवलेले असतात आणि दोन दगडांमधली फट कधी दोन सेंटिमीटर असते. त्यावरून गेलं की हातांना झिणझिण्या येतात आणि नजर रस्त्यावरून हलत नाही. मग गच्चीच्या कठड्यावरच्या फुलझाडांकडे, चकाकत्या रंगीत फरश्यांकडे, दाराच्या लोखंडी जाळीतून दिसणाऱ्या आतल्या चौकाकडे बघायचं कोणी? अंदालुसियाचं घर रस्त्याला तोंड फिरवून उभं असतं, सगळं सौंदर्य आतल्या चौकात. ते जाळीशी थांबून, मान वाकडी करून बघावं लागतं. वाहनावरचा माणूस दोन तास दगड बघून परततो.

आणि ऐकणार तरी काय? गाइड पुढे, मागे आठ जण, सगळ्यांच्या कानात त्याचा आवाज, असं चित्र जाहिरातीत असतं. स्पेनमध्ये वाहन चालवताना कानात इअरफोन घालणं हा गुन्हा आहे आणि तो व्हीएमपीलाही लागू आहे, दंड २०० युरो. म्हणजे माहिती द्यायची तर थांबूनच द्यायची. आठ गाड्या बाजूला उभ्या राहतील अशी जागा सांता क्रूझमध्ये कुठे आहे? असेल तिथं आधीच कोणाचं तरी टेबल, कोणाची तरी खुर्ची आणि दारात कोणीतरी राहणारा माणूस आहे.

आता वेशीबाहेर येऊ, कारण खरी गंमत तिथं आहे. सेव्हिलचा तट बहुतांश एकोणिसाव्या शतकात पाडला. माकारेनाच्या बाजूला त्याचा एक चांगला तुकडा शिल्लक आहे. तट गेला, पण त्याच्या रेषेवर गोल रस्ता राहिला. त्या रस्त्याला आणि ग्वादलकिविर नदीच्या काठाला धरून सायकलमार्ग आहेत. २००६ नंतरच्या काही वर्षांत या शहराने सायकलमार्गांचं सलग जाळं भराभर उभं केलं. आज ते सुमारे १८० किलोमीटर आहे. बहुतेक ठिकाणी हिरवा रंग, दोन्ही दिशांना एकच पट्टा, रुंदी अडीच मीटर. म्हणजे एका बाजूला सव्वा मीटर. हा आकडा लक्षात ठेवला तर गटाने कसं चालावं हे वेगळं सांगावं लागत नाही: एकामागे एक. शेजारी-शेजारी गप्पा मारत चाललं की समोरून ऑफिसला निघालेल्या सायकलवाल्याला जागाच उरत नाही. मार्ग त्याच्यासाठी बांधलाय. पाहुण्यांनी हे विसरू नये आणि फोटोसाठी मार्गातच उभं राहू नये. स्थानिकांचा राग जमतो तो अशा उभं राहण्यावरून.

सोन्याच्या बुरुजापाशी, म्हणजे तोर्रे देल ओरोजवळ सुरुवात करावी. तेराव्या शतकातला हा बुरूज नदीवर पहारा द्यायला बांधला. तिथून दक्षिणेला दीड किलोमीटरच्या आत मारिया लुईसा बाग आणि प्लाझा दे एस्पान्या. १९२९ च्या इबेरो-अमेरिकन प्रदर्शनासाठी आनिबाल गोन्सालेस या वास्तुविशारदाने आखलेला हा अर्धवर्तुळाकार चौक, प्रांतांच्या रंगीत फरश्यांची ४८ बाकं, मधून वाहणारा कालवा आणि त्यावर चार पूल. गाड्या चौकाबाहेर लावून आत पायी जावं. मग उलट नदीकाठाने त्रियानाच्या पुलाकडे. १८५२ चा हा लोखंडी पूल ओलांडला की कुंभारांचं आणि फ्लामेंकोचं त्रियाना. तिथून उत्तरेला कार्तुखा बेटावरून, १९९२ च्या जागतिक प्रदर्शनाच्या आवारातून, सान्तियागो कालात्रावाच्या अलामियो पुलापर्यंत. त्याचा तिरपा खांब १४२ मीटर उंच, आणि तो लांबूनच बघावा. पूल ओलांडून पूर्वेच्या काठाने परत बुरुजापाशी. सगळं मिळून साधारण १३ किलोमीटर. ताशी १० ने चालवायला सव्वा तास, थांबे धरून अडीच तास. पायी हे एका दिवसात कष्टाचं आहे, बसने तुकड्यातुकड्यांत होतं. इथं विजेचं छोटं वाहन खरोखर कामाचं आहे आणि ते बस-टॅक्सीच्या जागी आलेलं आहे. वरच्या कसोटीत ते बसतं.

गट किती मोठा असावा? आठ गाड्या, प्रत्येकीत तीन मीटर अंतर धरलं तर शेपूट २८ मीटरचं होतं. दहा मीटरचा रस्ता ओलांडायला पुढच्याचं डोकं आणि मागच्याची शेपूट मिळून ३८ मीटर जायला हवं. ताशी ८ ने १७ सेकंद, शिवाय प्रत्येकाचा निघताना एक सेकंदाचा उशीर. म्हणजे पंचवीस सेकंदांचा हिरवा दिवा हवा. तो सगळीकडे मिळत नाही. दिवा मध्येच बदलतो, मागचे तिघं ‘आपण राहू मागे’ या भीतीने लाल दिव्यात घुसतात. पाच गाड्यांचं हेच गणित सोळा-सतरा सेकंदांत बसतं. म्हणून एका गाइडमागे पाच. ‘सुरक्षित गट’ वगैरे गुळमुळीत शब्द परवान्यात लिहिण्यापेक्षा हा आकडा लिहावा.

सेव्हिलचे काही धोके बाहेरच्याच्या डोक्यातही येणार नाहीत. ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात हजारो लोक हातात मेणबत्त्या घेऊन मिरवणुकीत चालतात आणि मेण रस्त्यावर ठिबकतं. सण संपला की कित्येक दिवस सिएर्पेस रस्त्यावर आणि कॅथीड्रलच्या अवतीभवती टायर करकरतात. मोटारसायकलवालेही सपाट रस्त्यावर पडतात. पालिका गरम पाण्याच्या यंत्रांनी मेण काढते, तरी दगडांच्या फटीत थर राहतो. ज्या यंत्राचा तोलच पकडीवर चालतो, त्याने या दिवसांत त्या भागात फिरकूच नये. थंडीत कडू संत्री गळतात. रस्त्याच्या कडेला त्यांची हजारो झाडं आहेत आणि चाकाखाली चिरडलेलं संत्रं हे केळीच्या सालीचं सख्खं भावंड. कॉन्स्टिट्यूशन अव्हेन्यूवर ट्रामचे रूळ आहेत. रुळाच्या खाचेत लहान चाक अडकतं, म्हणून रूळ ओलांडायचा तो काटकोनात, आणि ओला असेल तर उतरून. उन्हाळ्यात सकाळी अकराच्या आत किंवा संध्याकाळी साडेसातनंतर निघावं. जुलैत सूर्यास्तच पावणेदहाच्या सुमारास होतो, घाई कशाची? उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी तापते, आणि लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करणं तिचं आयुष्य घटवतं, कधी जीवावरही बेततं. दोन फेऱ्यांच्या मध्ये गाडी सावलीत निवू द्यायला हवी. ‘लगेच पुढची फेरी’ असा धंदा करणाऱ्याकडे संध्याकाळच्या फेरीत गाड्या अर्ध्या वाटेत मरतात, त्याचं कारण हेच.

‘मग म्हाताऱ्यांनी काय करायचं?’ हा आक्षेप मराठी वाचकाच्या तोंडी लगेच येईल, कारण आपल्याकडून युरोपला जाणाऱ्या सहलींत ज्येष्ठ नागरिक भरपूर असतात. आक्षेप रास्त आहे, पण सेगवेवाल्यांनी तो आपल्या बाजूने वापरू नये. सेगवेवर दोन तास उभं राहून गुडघे सतत किंचित वाकवून ठेवावे लागतात. गुडघेदुखीच्या माणसाला याहून वाईट शिक्षा नाही. ज्याला चालणं जमत नाही त्याला बसायचं वाहन लागतं. स्पॅनिश कायद्यात अशा माणसाची विजेची चाकाची खुर्ची चालीच्या वेगाने जात असेल तर तिला पादचारीच धरतात. तिला वेशीआत बंदी नाही आणि नसावीच. जुन्या शहरात संख्या मोजून, चालकासह, चालीच्या वेगाने जाणाऱ्या काही बैठ्या गाड्यांना परवाना द्यावा, आणि त्यांत जागा आधी वयाला आणि आजाराला मिळावी. ज्येष्ठांचं नाव पुढे करून तरुणांची मौज चालवू नये, एवढंच.

चढाच्या शहरांनी हा प्रश्न आधीच सोडवला आहे. टोलेडोने २००० मध्ये तटाच्या पोटातून सरकते जिने काढले. गाड्या खाली राहतात, माणूस ३६ मीटर वर पोचतो आणि पुढे पायी जातो. मशीन वेशीशी थांबतं याचं इतकं शहाणं उदाहरण दुसरं नाही. ग्रानादात अल्बायसिनच्या टेकडीवर छोट्या सार्वजनिक बस जातात. तिथं भाड्याची ई-स्कूटर घेणाऱ्याने हिशेब करावा: ८० किलोचा माणूस आणि १५ किलोची गाडी १०० मीटर वर चढवायला, नासधूस धरून, ३५ ते ४० वॉट-तास जातात. सपाटीवर किलोमीटरला १५ लागतात. म्हणजे ती एक चढण अडीच किलोमीटर खाऊन टाकते. ३५० वॉटची मोटर दहा टक्के चढावर जेमतेम ताशी दहाच्या आसपास वेग धरते. उतरताना ब्रेक तापतात ते वेगळंच. त्यापेक्षा बस स्वस्त आणि शहाणी.

‘कशाच्या जागी आलं’ ही कसोटी स्पेनपुरती नाही. माथेरानला मोटारवाहनांना बंदी आहे. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथं माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्याव्यात असा आदेश दिला. तिथं विजेचं वाहन माणसाच्या खांद्यांच्या जागी आलं, म्हणून त्याच्या बाजूने उभं राहावं. सेव्हिलमध्येही हाच न्याय लावला तर पहिली बदली घोडागाडीची व्हायला हवी. ४० अंशांत डांबरावर उभ्या घोड्याच्या जागी विजेची बग्गी आली तर कोणाचं काय बिघडेल? घोडागाडीवाल्यांची पोटं बिघडतील, हे खरं. म्हणून नवे परवाने बाहेरच्या कंपन्यांना न देता त्यांनाच आधी मिळावेत. मुंबईत न्यायालयाने व्हिक्टोरिया बंद केल्यावर २०२१ मध्ये विजेच्या व्हिक्टोरिया आल्या. सेव्हिलला हा मार्ग अनोळखी वाटू नये.

हे सगळं ठरवायला आता बरा मुहूर्त आहे. २२ जानेवारी २०२४ नंतर स्पेनमध्ये विकल्या जाणाऱ्या व्हीएमपीला प्रमाणपत्र लागतं, आणि जुन्या अप्रमाणित गाड्यांना रस्त्यावर २२ जानेवारी २०२७ पर्यंतच मुभा दिलेली आहे. २०२५ च्या कायद्याने विमाही सक्तीचा केला. म्हणजे शहरदर्शनवाल्यांना गाड्या बदलाव्याच लागणार आहेत. गाडी बदलतानाच परवाना नव्याने लिहावा: तटरेषेच्या आत भाड्याचं मौजेचं वाहन नाही, गाइडमागे पाच, वेग यंत्रातच १० वर बांधलेला, पवित्र सप्ताहात आणि त्यानंतर मेण निघेपर्यंत फक्त नदीकाठ. परवान्याच्या शुल्कातला ठरलेला भाग सायकलमार्गाच्या दुरुस्तीला. २०२४ मध्ये महापौर होसे लुईस सान्स यांनी प्लाझा दे एस्पान्याला पर्यटकांसाठी तिकीट लावण्याचा विचार मांडला तेव्हा बरीच ओरड झाली. चौकात येणाऱ्या प्रत्येक पायी माणसाकडून पैसे घेण्यापेक्षा चाकांवर येणाऱ्याकडून घेणं जास्त न्याय्य आहे, आणि वसूल करायलाही सोपं, कारण गाड्या मोजता येतात.

धंदा बुडेल, ही तक्रार मात्र फारशी खरी नाही. बुरुजापाशी गाड्या परत घेऊन तोच गाइड त्याच पाच जणांना घेऊन तासभर पायी आत गेला, तर फेरी लांबते आणि भाडंही वाढतं. शिवाय त्याला अखेर बोलायला मिळतं. बुरुजापासून कॅथीड्रल दहा मिनिटांच्या आत आहे. वाटेत ट्राम दिसते. पवित्र सप्ताहातल्या उंच पालख्यांना अडथळा नको आणि कॅथीड्रलच्या दर्शनी बाजूपुढे तारांचं जाळं नको म्हणून त्या टप्प्यातल्या तारा काढून टाकलेल्या आहेत. थांब्यावर ट्राम वरचा हात उचलते, सुमारे वीस सेकंदांत साठवणीत वीज भरते, हात खाली घेते आणि तारेशिवाय पुढे जाते.